बिब्ब्याचा डाग

आमच्या वडनेरला तळपायावर काळा डाग दिसला तर कोणी घाबरत नाही. बिब्ब्याचा असेल म्हणतात आणि पायात चप्पल सरकवतात. काटा मोडला, लाव बिब्बा. भेग पडली, लाव बिब्बा. कुरूप झालं, त्यालाही बिब्बाच. बिब्बा म्हणजे जंगलातलं काळं, चपटं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं, त्याचा थेंब दुखऱ्या जागी टेकवायचा. चरचरतं, पण ठणका थांबतो. डाग मात्र राहतो.

हा थेंब टेकवण्यात माझ्या आईचा, जिजाबाईचा, हात आसपासच्या दहा गावांत नावाजलेला होता. एरवी आमच्या वस्तीत पाणी प्यायला नाक मुरडणारे लोकही बिब्ब्यासाठी आमच्या अंगणात पाय पसरून बसायचे. आई त्यांचा पाय मांडीवर घ्यायची, फुंकर घालायची, आणि कोणाचंही कातडं न जाळता नेमका थेंब टेकवायची. पैसे घेत नसे. मला लहानपणी या लोकांचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो, पण तो विषय वेगळा.

माझ्या बाबांच्या, चिंधूच्या, डाव्या टाचेवर असाच डाग होता. बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात अनवाणी राबले, त्यामुळे काटे आणि भेगा नेहमीच्याच. आई दर पंधरा दिवसांनी त्या टाचेवर थेंब टेकवायची. तीन वर्षं टेकवला. मग डाग फुटला, चिघळला, जांघेत गाठ आली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "हा डाग केव्हापासून आहे?" आई म्हणाली, "डाग नाई साहेब, बिब्बा हाय तो." तो मेलॅनोमा होता. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांचा कॅन्सर. सात महिन्यांत बाबा गेले.

जलदान विधीच्या दिवशी, भंतेजी निघून गेल्यावर, पन्नास माणसांसमोर माझे काका तानबा म्हणाले, "वहिनीनं बिब्बा लावू लावू माह्या भावाले खाल्लं."

आईने बिब्ब्याचा डबा सुईसकट माळ्यावर टाकला आणि त्यानंतर कोणाच्या पायाला हात लावला नाही. लोक आले तर म्हणायची, "दवाखान्यात जा." तानबाकाका आमच्या घरामागेच राहतात, पण आई आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

मी तेव्हा हिंगणघाटला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढे एम.एस्सी. केलं, पीएच.डी.ला लागले, तेव्हा आईने मला एकच काम सांगितलं. "बाकी तुले काय शिकाचं ते शिक. पण बिब्ब्यानं झालं काय, एवढं पाहून मले सांग." तिने हे काळजी म्हणून नव्हे, निकाल मागावा तसं सांगितलं. मी हो म्हटलं. हो म्हणणं सोपं असतं.

आता मी वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. आम्ही तिथे माणसाची कातडी वाढवतो. ऑपरेशनमध्ये निघालेला कातडीचा तुकडा, ज्याचा त्याच्या सहीने घ्यायचा. त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, वाढवायच्या. मग एका जाळीवर आधी खालचा थर लावायचा, त्यावर रंगाच्या आणि वरच्या थराच्या पेशी पेरायच्या. खालून अन्न आणि वरून हवा दिली की तीन आठवड्यांत रुपयाएवढी कातडी तयार होते. जिवंत. हे ऐकून आई पहिल्यांदा खूप हसली होती.

"तुह्या आज्यानं छप्पन साली ढोराचं कातडं सोलणं सोडलं," ती म्हणाली, "अन् तू इतकी शिकून पुन्हा कातड्यातच येऊन बसली!"

"मी सोलत नाई, आई. मी वाढवतो."

"हाव, ते बी खरंच," म्हणाली आणि आणखी हसली. बाबा गेल्यानंतर ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

या वाढवलेल्या कातडीत आम्ही रंगाच्या पेशींमध्ये मुद्दाम बिघाड घडवतो आणि कॅन्सर सुरू कसा होतो ते पहिल्या दिवसापासून पाहतो. माणसात ते पाहता येत नाही. माणूस आमच्याकडे येतो तेव्हा सुरुवात होऊन वर्षं उलटलेली असतात. पण एक अडचण होती. आम्हाला मिळायची ती पोटाची, मांडीची पातळ कातडी. आमच्या भागातल्या लोकांना हा रोग होतो तो तळपायाला. तळव्याची कातडी जाड, तिची जातच वेगळी. पोटाच्या कातडीवर तळव्याचा रोग शोधायचा म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी हे दर मीटिंगमध्ये बोलायचे. आमच्या प्रमुख वर्षाली मॅडम म्हणायच्या, "तळव्याची निरोगी कातडी देतं कोण, पौर्णिमा? तू देतेस?"

मॅडमना उत्तर फेब्रुवारीत मिळालं. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे किसनराव कापसाच्या ट्रॉलीखाली सापडले. गुडघ्याखाली हाडांचा चुरा झाला होता, पाय काढावाच लागणार होता. पण तळवा धड होता. सर्जननी मला निरोप दिला आणि मी फॉर्म घेऊन धावतच वॉर्डात गेले.

किसनरावांची बायको मनकर्णाबाई दारातच आडवी आली. "यायचा पाय आमी गावी नेऊन शेतात पुरणार हावो. आमची रीत हाय. तुमाले कायले देऊ?"

"तळव्याचा दोन बोटांएवढा तुकडा पाहिजे फक्त. बाकी पाय तुमचाच."

"अन् ते कातडं लावाल कोणाले?"

हा प्रश्न मला कळला. त्याच्यामागचाही प्रश्न कळला. माझं डोकं तापलं, आणि मी काहीतरी लागेलसं बोलणारच होते, तेवढ्यात पलंगावरून किसनराव म्हणाले, "पोरी, इकडं ये."

मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांचं, टाचेचं, बिब्ब्याचं. ठरवून सांगितलं नाही. राग आवरताना तोंडातून निघून गेलं. त्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. दोन्ही तळव्यांवर भेगा होत्या.

"मी बी लावतो बिब्बा," ते म्हणाले. "ते कातडं तुमच्याकडे जित्तं राहीन?"

"नीट सांभाळलं तर राहीन."

"मंग घे. मातीत तं सडनच." आणि बायकोला म्हणाले, "दोन बोटं कमी पुरू वं. वावर काही मोजून घेत नाई." त्यांनी सही केली, आणि सही करताना एक अट घातली: पाय कसा आहे ते त्यांना कळवत राहायचं.

कळवायची वेळ माझ्यावर आलीच नाही. दर रविवारी सकाळी त्यांचाच फोन यायचा. "मॅडम, किसनराव बोलून राह्यलो. माहा पाय कसा हाय?" मी म्हणायचे, चांगला आहे, वाढून राह्यला. तिकडे ते सगळ्यांना ओरडून सांगायचे. उन्हाळ्यात वर्ध्यात शेहेचाळीस डिग्री झालं, वीज तासन्‌तास जायची, आणि आमचं जनरेटर पेशींच्या पेटीला सदतीसच्या वर जाऊ देत नव्हतं. किसनरावांचा पाय आमच्यापेक्षा थंडाव्यात होता. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "नशीब लागते."

मेच्या शेवटी चोवीस चकत्या तयार झाल्या. बारांत रंगाच्या पेशी निरोगी, बारांत बिघडवलेल्या. प्रत्येकातल्या निम्म्यांवर बिब्बा लावायचा आणि निम्म्या तशाच ठेवायच्या. मग उभे पातळ काप काढून पाहायचं. कातडीच्या वरच्या आणि खालच्या थरामध्ये एक पडदा असतो. रंगाच्या पेशी त्या पडद्यावर बसलेल्या असतात. पडदा फोडून खाली उतरू लागल्या की तो कॅन्सर. बिब्ब्याने निरोगी पेशी बिघडतात का, आणि बिघडलेल्या जास्त वेगाने उतरतात का, असे दोन प्रश्न होते. माझ्यासाठी एकच होता.

बिब्ब्याचं कागदावर आणायला मला चार महिने भांडावं लागलं. वर्षाली मॅडमना ते आजीबाईचा बटवा वाटत होतं. शेवटी कॉलेजच्या समितीची परवानगी आली. मी हिंगणघाटच्या बाजारातून बिब्बे आणले, तेल काढलं, मोजक्या नळीने बारा चकत्यांवर अगदी बारीक, एकसारखा थेंब सोडला. आईला विचारावं असं मनात आलं होतं. पण तिच्यापुढे बिब्ब्याचं नाव काढायचं नाही असं मी इतकी वर्षं पाळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, सुई आणि दिव्याचं काम, त्यात विचारायचं काय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

तिसऱ्या दिवशी बाराही चकत्या खालपर्यंत जळून कोळसा झाल्या होत्या. पेशी नव्हत्या, थर नव्हते, काहीच नव्हतं. गोठवून ठेवलेल्या पेशींतून आणखी बारा चकत्या होणार होत्या. बाराच. त्यानंतर किसनरावांचा पाय संपला.

मॅडम ओरडल्या नाहीत. "बिब्बा सोड," एवढंच म्हणाल्या. "उरलेल्यात दुसरं काम होईल."

मी रविवारी वडनेरला गेले. आई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी नळावर तोंड धूत होते, फोन खाटेवर होता. तो वाजला आणि आईने उचलला. मी वळले तोवर किसनरावांचं मोठ्या आवाजात सुरू झालं होतं. मी त्यांना आदल्या दिवशी स्वतःच फोन करून खरं काय ते सांगून बसले होते, खोटं बोलवलं नव्हतं.

"तुमी मॅडमच्या आई काय? जय भीम, बाई. तुमच्या पोरीनं माहा पाय जाळला म्हणते. बिब्बा लावता येत नाई तिले!"

आईने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. आपण आईला गप्प राहून जपतो असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात मी तिला तिच्याच गोष्टीतून बाहेर ठेवलं होतं.

"कसा लावला?"

"नळीनं. तेल काढून, गार."

"गार?" आईचा आवाज चढला. "गार बिब्बा उततेच ना वं! गरम तेल लगेच सुकते, जागेवर राह्यते. गार पसरते अन् आत उतरते. अन् खोबऱ्याचं तेल भवताली फिरवलं काय?"

"नाई."

"दुसऱ्याच्या पायाचं वाटोळं केलं तुनं." ती सूप बाजूला ठेवून उठली. मला वाटलं, रागावून आत गेली. ती शिडी लावून माळ्यावर चढली आणि डबा घेऊन उतरली. डब्यावर अकरा वर्षांची धूळ होती. तिने पदराने पुसला, झाकण उघडलं, सुई काढून उजेडात पाहिली.

"कधी जाचं?" तिने विचारलं.

नव्या चकत्या तयार व्हायला जुलैचा मध्य उजाडला. आई वर्ध्याला आली. टोपी, झगा, मास्क, हातमोजे. हातमोजे पाहून म्हणाली, "यानं काय समजन?" पण घातले. मी सुई उकळून ठेवली होती, खोबरेल निर्जंतुक केलं होतं, स्पिरिटचा दिवा लावला. वर्षाली मॅडम भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. बिब्बा सोड म्हणणाऱ्या मॅडमना मी शेवटी एवढंच म्हटलं होतं, की कातडी जाळणं आणि कातडीला बिब्बा लावणं यातला फरक आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही, तो माहीत असलेलं माणूस मी आणते. त्यावर त्यांनी उरलेल्या पेशी माझ्या हवाली केल्या होत्या.

आईने पहिली चकती पाहिली. "हे यायचं कातडं? रोहण्याच्या?"

"हाव."

तिने चकतीला वाकून नमस्कार केला. मग बिब्बा सुईवर घेतला, ज्योतीवर धरला, तेल सुटू दिलं. मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब. पहिल्या चकतीवर तो टेकवायच्या आधी तिची सुई हवेत थांबली, बरीच थांबली. मग तिने थेंब टेकवला, कापसाच्या बोळ्याने भोवती खोबरेल फिरवलं आणि सवयीने मास्कमधूनच फुंकर घातली. दुसऱ्या चकतीपासून हात थांबला नाही.

बारा चकत्या झाल्या. एकही जळली नाही. वर फक्त काळा डाग.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. मी बोलावलं नव्हतं. "तुह्या बाबाले मी दर पंधरा दिवसानं लावत होती," ती म्हणाली. "तसंच करून पाह्य ना मंग. सहाले पुन्हा लावतो, सहाले राहू दे." हे माझ्या कागदावर नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं. पुढच्या पंधरवड्यालाही आई आली. मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि उभ्या राहूनच काम पाहिलं.

ऑगस्टच्या शेवटी ती चौथ्यांदा आली, त्या दिवशी आम्ही काप काढणार होतो. आधी मी ताटल्या उजेडाखाली ठेवल्या. एकदाच बिब्बा लावलेल्या सहा चकत्यांवरची काळी खपली विसाव्या दिवसाच्या आसपासच सुटून गेली होती. त्यातल्या तीन स्वच्छ झाल्या होत्या. उरलेल्या तिनांत, खपली गेली तरी, खाली वेडावाकडा काळा ठिपका तसाच होता.

"बिब्बा निघून गेला," आई म्हणाली, "अन् हे राह्यलं."

"हाव. ह्या तीन बिघडवलेल्या आहेत."

मग तिने दुसरी ताटली पुढे ओढली. पुन्हा पुन्हा बिब्बा लावलेल्या सहा. सगळ्या सारख्याच काळ्या.

"यातल्या खराब कोण्या हाय?"

मी वाकून पाहिलं. ताटली फिरवली, दिवा जवळ घेतला, भिंग लावलं. खुणेच्या चिठ्ठ्या ताटलीच्या खालच्या बाजूला होत्या. बारा वर्षं मी हेच शिकत आले आहे. मला सहांपैकी एकही सांगता आली नाही.

"मले बी नाई ओळखू येत, आई," मी म्हटलं.

आई एकदम खुर्चीवर बसली. रडली नाही. "तुले बी नाई?" तिने दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हटलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

दुपारी हे काप, आणि पहिल्या खेपेतल्या बिब्बा न लावलेल्या बारा चकत्यांचे तेवढ्याच वयात काढून ठेवलेले काप, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निरोगी चकत्यांत, बिब्बा लावलेल्या असोत की नसोत, रंगाच्या पेशी आपापल्या जागी बसल्या होत्या. बिघडवलेल्यांत त्या पडदा ओलांडून खाली उतरल्या होत्या, आणि बिब्ब्याने त्यांचा वेग वाढलेला दिसत नव्हता. मॅडम लगेच म्हणाल्या, हे एका माणसाच्या कातडीवर आहे, दीड महिन्याचं आहे, यावरून मोठी गोष्ट बोलायची नाही. बरोबरच होतं ते. मी बाहेर व्हरांड्यात आले. आई डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"बिब्ब्यानं झालेलं दिसत नाई, आई. ते आपल्या आपण झालं असन." मी मॅडमचं बोलणंही तिला सांगितलं, एकाच माणसाचं, दीडच महिन्याचं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "अन् बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"पौर्णिमा, तू लहानपणापासून अर्धं सांगून थांबतं."

अकरा वर्षं मी तिला सोडवायला निघाले होते, आणि आता माझ्याजवळ निर्दोषपणाचा निकाल होता तो अर्धाच. दुसरा अर्धा गिळून टाकावा असं मला फार वाटलं. पण ज्या बाईने स्वतःच्या हाताने हा प्रयोग केला तिच्याशी खोटं कसं बोलणार?

"बिब्ब्यानं झालं नाई," मी म्हटलं, "पण बिब्ब्याखाली लपलं. तू एक महिना थांबली असती तं दिसलं असतं."

आईने मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. समोर पावसाने धुतलेल्या आवारात मोटरसायकली उभ्या होत्या. शेवटी ती म्हणाली, "कोणी सांगतलंच नोयतं ना, थांबा म्हणून."

"कोणाले माहीतच नोयतं."

"आता हाय," ती म्हणाली, आणि उठली.

नोव्हेंबरमध्ये थंडी पडली, पाय फुटू लागले. आईने अंगणात पाट मांडला आणि शेजारी बिब्ब्याचा डबा ठेवला. ही बातमी वस्तीत पसरायला अर्धा तास पुरला, गावात पसरायला आणखी थोडा. मी त्या दिवशी सुटी काढून गेले होते. अकरा वर्षांनी लोक पुन्हा पाय पसरून रांगेत बसले, पण आता आईचा कायदा होता. आधी पाय साबणाने धुवायचा. मग ती भिजल्या फडक्याने तळवा पुसणार, मोबाइलच्या उजेडात पाहणार. डाग असेल तर बिब्बा नाही. महिनाभर काहीच लावायचं नाही, महिन्याने पुन्हा यायचं. तरी डाग असला तर सरळ पौर्णिमाकडे. एक शेतकरी कुरकुरला, "जिजाबाई, ठणकून राह्यलं ना!" आई म्हणाली, "ठणकू द्या. ठणक्यानं माणूस मरत नाई."

रांग संपत आली तेव्हा तानबाकाका आले. घरामागून, काठी टेकत. ते शेवटच्या माणसाच्या मागे उभे राहिले आणि पाळी येईपर्यंत तिथेच थांबले. मला आत निघून जावंसं वाटत होतं, आणि त्यांना हाकलून द्यावंसंही वाटत होतं.

काकांनी पाय पाटावर ठेवला. धुतलेला होता. आईने तो उचलून मांडीवर घेतला, फडक्याने पुसला. बोटांच्या मुळाशी, तळव्यावर, चिंचोक्याएवढा काळा डाग होता. एका बाजूने कडा वाहून गेल्यासारखी.

"हे काय हाय?" आईने विचारलं. अकरा वर्षांनी त्यांच्याशी बोललेला तिचा पहिला शब्द.

"बिब्बा," काका म्हणाले. "काटा मोडला होता. मीच लावलता."

"कवा?"

"पोळ्याले."

आईने बोटांवर मोजलं. पोळ्याला अडीच महिने झाले होते. तिने डाग अंगठ्याने घासला, फडक्याने घासला, दिवा जवळ धरला. मग पाय न सोडता वर पाहिलं.

"बिब्बा वीस दिवसात निघते, भाऊजी. हा बिब्बा नाई."

काकांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना समजलं. जशा डागाला बिब्बा समजल्यामुळे भाऊ गेला, तशाच डागाला ते बिब्बा म्हणत होते, आणि लावणारा हात त्यांचा स्वतःचा होता. त्यांचे ओठ हलले. "वहिनी, त्या दिवशी म्या पन्नास माणसायसमोर जे बोललो ते..."

"ते मंग," आई म्हणाली. "पह्यले गाडीत बसा. पौर्णिमा, यायले आत्ताच घेऊन जाय. उद्या नाई, आत्ता."

मी गाडीची किल्ली घेतली. काकांना धरून उठवलं. त्यांचं वजन माझ्या खांद्यावर आलं आणि मला त्यांचा राग शोधूनही सापडेना. डाग काय निघेल ते मला माहीत नव्हतं. तुकडा काढायचा होता, तपासायचा होता, रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. साधा तीळही असू शकतो. पण कॅन्सर असलाच तर तो चिंचोक्याएवढाच होता, अजून फुटलेला नव्हता, जांघेत गाठ नव्हती. आणि कोणीतरी तो वेळेवर पाहिला होता.

गाडी वळवताना आरशात मला अंगण दिसलं. कुंपणापाशी आणखी दोन माणसं येऊन उभी होती. आईने फडकं बादलीत पिळलं, मोबाइलचा दिवा पुन्हा लावला आणि त्यांच्याकडे न पाहताच हाक दिली.

"कोण हाय पुढचं? पाय धुवून या."